दंड मोजू नका, जोर मोजा

श्रावणात शेतात भांगलणीची घाई असते आणि पेठापेठांतल्या तालमींत नव्या पोरांची गर्दी. त्यामुळे या महिन्यात आलेली बरीच पत्रं दंड, मांड्या आणि पोटऱ्यांबद्दलची आहेत. मी फिजिओथेरपिस्ट. माझ्याकडे येणारा माणूस बहुतेक वेळा दुखऱ्या स्नायूवर बोट ठेवतो आणि मी आधी त्या स्नायूकडे जाणाऱ्या नसेची चौकशी करते. खालची उत्तरं वाचताना तसं का, ते लक्षात येईल.

प्रश्न : मॅडम, मुलगा सतरा वर्षांचा आहे. दीड महिना झाला, तालमीत जातोय. पहिल्या दिवशी पंधरा जोर मारताना थरथर कापत होता, आता पन्नास सहज मारतो. पण दंडाला टेप लावली तर माप होतं तेवढंच. खुराक कमी पडतोय का? दुकानदार पावडरचा डबा घ्या म्हणतोय. – एक पालक, शिवाजी पेठ

दादा, टेप ठेवून द्या. पोराची ताकद खरोखर वाढलीय, ती अजून मांसात उतरायची आहे. व्यायामाच्या पहिल्या दीड-दोन महिन्यांत जी ताकद येते, ती मुख्यतः चेतासंस्थेची असते.

दंडाचा स्नायू म्हणजे तंतूंची मोठी जुडी. यातला एकेक तंतू ही एकच पेशी असते. जाडी केसाएवढी किंवा त्याहूनही कमी, लांबी मात्र कित्येक सेंटिमीटर, आणि एका पेशीत एक सोडून शेकडो केंद्रकं. तंतूच्या पोटात आणखी बारीक धागे असतात आणि त्या धाग्यांत सुमारे अडीच मायक्रॉनचे कप्पे एकापुढे एक लागलेले असतात. सेंटिमीटरभर लांबीत असे चारेक हजार कप्पे बसतात. सूक्ष्मदर्शकाखाली या स्नायूवर आडवे पट्टे दिसतात ते या कप्प्यांमुळेच. प्रत्येक कप्प्यात दोन प्रथिनांच्या काड्या एकमेकींत शिरलेल्या असतात : जाड मायोसिन आणि बारीक अ‍ॅक्टिन. स्नायू आखडतो तेव्हा यातली एकही काडी आखूड होत नाही. मायोसिनची टोकं अ‍ॅक्टिनला धरतात, ओढतात, सोडतात आणि पुढं जाऊन पुन्हा धरतात. रस्सीखेचीत हात बदलत दोर ओढतात तसं. १९५४ साली ‘नेचर’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन वेगवेगळ्या जोड्यांनी हे मांडलं. एका जोडीत अँड्र्यू हक्सली आणि निडरगर्के, दुसरीत ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन. दोन्ही हक्सलींचं एकमेकांशी काही नातं नव्हतं.

धरायची मोकळीक कॅल्शियम देतं आणि सोडायला एटीपी हे ऊर्जेचं रसायन लागतं. सोडायलाही ऊर्जा लागते, हे मुद्दाम लक्षात ठेवा. माणूस गेल्यावर काही तासांत अंग ताठ होतं, कारण एटीपी संपलेला असतो आणि धरलेली टोकं सुटत नाहीत.

आता हे कॅल्शियम कधी सुटणार, ते नस ठरवते. मज्जारज्जूत बसलेली एकेक चेतापेशी आपला लांब तंतू दंडापर्यंत पाठवते. तिथं त्याला फाटे फुटतात आणि प्रत्येक फाटा स्नायूच्या एकेका तंतूला जाऊन भिडतो. भिडतो म्हटलं तरी मध्ये अतिसूक्ष्म फट असते. त्या फटीत अ‍ॅसिटिलकोलिन हे रसायन सांडतं, तेव्हा पलीकडचा तंतू जागा होतो. डोळा फिरवणाऱ्या स्नायूत एका चेतापेशीच्या वाट्याला दहाएक तंतू येतात, तर पोटरीत हजार-दोन हजार. चेतापेशीनं संदेश पाठवला की तिच्या ताब्यातले सगळे तंतू एकदम ओढतात. त्यांत थोडं ओढणं, जास्त ओढणं असा प्रकार नसतो. जोर कमी लागणार असेल तर लहान चेतापेशी तेवढ्या कामाला लागतात. भार वाढला की मोठ्या चेतापेशी सामील होतात.

नवख्या पोराच्या अंगात या मोठ्या चेतापेशी पुरत्या कामाला लागलेल्याच नसतात. शिवाय जोर मारताना दंडाच्या उलट बाजूचे स्नायूही विनाकारण ताठ राहतात. तुमचा मुलगा पहिल्या दिवशी कापत होता, त्यात या गोंधळाचा मोठा वाटा होता. दीड महिन्यात जास्त चेतापेशी कामाला लागल्या, त्यांचे संदेश भराभर जायला लागले, उलट बाजूचे स्नायू सैल सोडायला शिकले. वस्ताद रोज तेच जोर, त्याच बैठका, तोच हौदा खणायला का लावतात, असं पोरांना वाटतं. नसांना हेच हवं असतं. दोन महिने उलटले की तंतू जाड व्हायला लागल्याचं टेपवरही दिसेल. तंतूंची संख्या मात्र फारशी वाढत नाही, आहेत तेच फुगतात.

याचा मला सर्वांत आवडणारा पुरावा १८९४ सालचा आहे. अमेरिकेत येल इथे एडवर्ड स्क्रिप्चर यांनी लोकांच्या एकाच हाताला व्यायाम दिला आणि दुसऱ्या, व्यायाम न केलेल्या हाताचीही ताकद वाढल्याचं नोंदवलं. त्या हाताच्या स्नायूनं काहीच केलं नव्हतं, चेतासंस्था मात्र दोन्ही हातांना एकच. हात प्लास्टरमध्ये असलेला पैलवान माझ्याकडे आला की मी त्याच्या धडधाकट हाताला कामाला लावते. त्यामुळे प्लास्टरमधल्या हाताची ताकद कमी घटते. घरच्यांना ते विचित्र वाटतं, पण ते याच आधारावर असतं.

खुराकाचं सांगते. साठ किलोच्या, रोज व्यायाम करणाऱ्या पोराला दिवसाला ९० ते १०० ग्रॅम प्रथिन भरपूर झालं. लिटरभर म्हशीच्या दुधात ३५ ग्रॅमच्या पुढं मिळतं, एका अंड्यात सहाएक. मटकीची उसळ, शेंगदाणे, डाळ धरली की डब्याची गरज उरत नाही. त्या डब्यात तरी काय, बहुधा दुधाचंच प्रथिन. मात्र ‘दम वाढवायचं’ म्हणून कुणी इंजेक्शन सुचवलं तर पोराला त्या माणसाच्या सावलीलाही उभं करू नका. असं विकलं जाणारं एक इंजेक्शन शस्त्रक्रियेत घसरलेला रक्तदाब वर आणण्यासाठी भूलतज्ज्ञ वापरतात. धडधाकट पोराच्या हृदयाची लय त्यानं बिघडू शकते.

प्रश्न : मित्रांशी पैज लागली म्हणून एका दमात जमतील तेवढ्या बैठका मारल्या. त्या दिवशी काही वाटलं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरता येईना. लॅक्टिक अ‍ॅसिड साठलं म्हणतात, ते कसं काढायचं? – कॉलेज विद्यार्थी, कसबा बावडा

काढायला काही शिल्लकच नाही. व्यायामात तयार झालेलं लॅक्टेट (तू म्हणतोस त्या लॅक्टिक अ‍ॅसिडचंच रूप) तासा-दीड तासात रक्तातून निघून जातं. एक-दोन दिवसांनी दुखतंय त्याला ते जबाबदार नाही.

बैठकीत खाली जाताना मांडीचा स्नायू भार पेलत पेलत लांब होत असतो. ओढत असतानाच ताणलं जाण्यानं काही कप्पे उसवतात, मग तिथं सूज येते आणि दुखणं २४ ते ७२ तासांत टोकाला जातं. जिना चढताना कमी आणि उतरताना जास्त दुखतं, कारण उतरताना मांडीला हेच काम करावं लागतं. हलकं चालणं चालू ठेव, आठवड्यात निवळेल. पुढच्या वेळी तेवढ्याच बैठकांना इतकं दुखणार नाही.

आता तू विचारलं नाहीस ते सांगते आणि हे सगळ्या पोरांनी वाचावं. अंगवळणी नसताना शेकडो बैठका मारल्यावर मांड्या टणक सुजल्या, पाय उचलेना आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर त्याच घटकेला दवाखाना गाठायचा. फुटलेल्या तंतूंतलं मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडं निकामी करू शकतं. अशा वेळी दुखायची गोळी घेऊन झोपणं फार धोक्याचं, कारण त्यातल्या बऱ्याच गोळ्या मूत्रपिंडावर आणखी ताण आणतात. वेळेवर सलाईन मिळालं तर बहुतेक जण पूर्ण बरे होतात. पैजेपायी मूत्रपिंड गमावू नका रे.

प्रश्न : मॅडम, आमची आई बावन्न वर्षांची. रानात भुईमूग भांगलायला जाती. गेल्या आठवड्यात सलग चार दिवस उकिडवं बसून भांगललं आणि पाचव्या दिवशी डाव्या पायात चप्पलच ऱ्हाईना. चालताना पाय फटाफट आपटतोय. दुखत काहीच न्हाई. गावातले म्हणत्यात शीर सरकली, जोरात चोळून घ्या. काय करू? – राधानगरी तालुक्यातून

आधी चोळणं थांबवा.

आता आईला खुर्चीवर बसवा आणि तिच्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडं खाली बोट फिरवा. तिथं हाडाचं एक बोंड लागेल. त्याच्या लगेच खाली हाड बारीक होतं आणि त्याला वळसा घालून एक नस पुढं जाते. पाऊल वर उचलणाऱ्या स्नायूंना तीच चालवते. तिच्यावर तिथं कातडी आणि जुजबी आवरण सोडलं तर काही नाही. तासन्‌तास उकिडवं बसलं की ती दाबली जाते आणि ताणलीही जाते. मांडीवर मांडी टाकून बसायची सवय, फार घट्ट प्लास्टर, थोड्या दिवसांत झपाट्यानं घटलेलं वजन, यांनीही असंच होतं. पावसाळ्यात भांगलणीच्या आणि रोप लावणीच्या दिवसांत अशा बायका माझ्याकडे येतात. दुखत नाही म्हणून त्या उशिरा येतात, याचं मला फार वाईट वाटतं.

घरी एवढं करून बघा. टाच जमिनीला टेकलेली ठेवून तिला चवडा वर उचलायला सांगा, मग एकटा अंगठा वर करायला सांगा. दोन्ही जमत नसेल तर पाऊल आधी बाहेरच्या आणि मग आतल्या बाजूला, तुमच्या हाताच्या विरोधात वळवायला सांगा. आत वळवायची ताकद शाबूत असेल, तर दोष बहुधा गुडघ्याजवळच्या या नसेत आहे. तीही गेली असेल, तर कंबरेच्या मणक्यात नस दाबली असण्याची शंका येते. ही घरगुती चाचणी झाली. निदान डॉक्टरांनीच करायचं. तिला कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयात या आठवड्यातच न्या. पायाबरोबर हात किंवा तोंडही एका बाजूला गेलं असतं तर मी ‘आत्ता’ म्हटलं असतं.

तिथं कदाचित नसेच्या वेगाची चाचणी सांगतील. पायाच्या नसेत संदेश सेकंदाला चाळीस-पन्नास मीटर वेगानं जातो. कारण नसेतल्या लांब तंतूंवर मायलिन नावाचं स्निग्ध वेष्टन असतं आणि वेष्टनातल्या एका फटीवरून पुढच्या फटीवर संदेश उडी घेत जातो. १८५० च्या सुमारास हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या नसेत हा वेग पहिल्यांदा मोजला. त्याआधी तो मोजण्यापलीकडचा आहे असं बडे शास्त्रज्ञही मानत होते. आज चाचणीत करतात ते त्याच विचारानं : नसेला एका ठिकाणी विजेचा हलका झटका द्यायचा आणि स्नायू किती वेळानं हलतो ते बघायचं. गुडघ्यापाशी संदेश अडखळला तर दोष कुठं आहे ते कळतं.

आईच्या नसेचं नुसतं वेष्टन खराब झालं असेल तर काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत पाय उचलायला लागेल. आतला तंतूच तुटला असेल तर तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीनं परत वाढतो, म्हणजे दहा सेंटिमीटरला तीन-साडेतीन महिने. तोवर नडगीपुढचा स्नायू बारीक होत जाईल. घाबरू नका, पण स्वस्थही बसू नका. पोलिओ झालेल्या माणसाचा वाळलेला पाय जुन्या लोकांनी पाहिलेला असतो. त्या पायाच्या स्नायूला रोग झालेलाच नसतो. विषाणू मज्जारज्जूतल्या चेतापेशी मारतो आणि नस गेली की स्नायू वाळतो. आईच्या बाबतीत चेतापेशी जिवंत आहे, म्हणून वाट बघण्यात अर्थ आहे. त्या काळात रोज हातानं पाऊल वर-खाली करत राहा, नाहीतर टाचेमागची दोरी आखडते. पाऊल धरून ठेवणारी पट्टी मिळते, ती वापरा. मागं पट्टा असलेली चप्पल घाला. आणि भांगलताना बुडाखाली बुटकं स्टूल किंवा पाट घ्यायचा, अर्ध्या तासानं उभं राहायचं.

दोन गोष्टी डॉक्टरांना आठवणीनं सांगा. एक, अंगावर कुठं फिकट, बधिर चट्टा आहे का. कुष्ठरोग नेमकी हीच नस धरतो. त्यात ती बोटाला जाड दोरीसारखी लागते. त्याचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत आहेत आणि रोग पूर्ण बरा होतो, तेव्हा लपवण्यासारखं त्यात काही नाही. दुसरी, चप्पल निसटते तेव्हा ती निसटली हे आईला कळतं का. कळत असेल तर ताकदीचा प्रश्न. चप्पल मागं पडली आणि मागून येणाऱ्यानं हाक मारली तेव्हा कळलं, असं होत असेल तर पायाची संवेदना गेलेली असते आणि मग साखर तपासायलाच हवी. मधुमेह सर्वांत लांब चेतातंतूंना आधी गाठतो. कंबरेपासून तळपायापर्यंतचे तंतू मीटरभर लांब असतात, म्हणून बधिरपणा पायाच्या बोटांतून सुरू होतो आणि हाताची बोटं नंतर धरतो. असा त्रास असणाऱ्यांनी रोज रात्री तळपाय उजेडात बघायचा, दिसत नसेल तर आरसा धरायचा किंवा नातवाला बघायला सांगायचं.

प्रश्न : रात्री पोटरीत गोळा येतो आणि जीव कळवळतो. मीठ-पाणी, केळी सगळं करून झालं. – आजी, वय ६८, मंगळवार पेठ

आजी, गोळा येतो तो पोटरीत, पण बहुतेक वेळा चूक नसेची असते. नस न थांबता संदेश पाठवत राहते. गोळा आला की गुडघा सरळ ठेवून पायाचा चवडा हातानं किंवा ओढणीनं आपल्याकडे ओढा. ताणलेला स्नायू मज्जारज्जूला उलट खबर देतो आणि संदेश थांबतात. झोपण्यापूर्वी भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणायचा नेम ठेवा. मॅग्नेशियमच्या गोळ्यांचा वयस्कर माणसांच्या अशा पेटक्यांवर फारसा उपयोग चाचण्यांत दिसलेला नाही, त्यावर पैसे घालू नका. लघवीच्या किंवा कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि चालताना ठरावीक अंतरावर पोटरी भरून येऊन थांबावं लागत असेल तर ती रक्तवाहिनीची तक्रार असू शकते, ती वेगळी दाखवा.

प्रश्न : मॅडम, मागच्या अंकात तुम्ही लिहिलं होतं की नसेच्या आदेशाशिवाय स्नायू हलत नाही. मग हृदयाला आदेश कोण देतं? ते दमत कसं नाही? – इयत्ता अकरावी, कागल

शाब्बास. मागचं विधान हाडांना जोडलेल्या स्नायूंपुरतं खरं आहे आणि तू अपवाद बरोबर पकडलास.

हृदयाचा स्नायू पट्टेदारच असतो, पण त्याच्या पेशी आखूड, फाटे फुटलेल्या आणि टोकाशी एकमेकींना जोडलेल्या असतात. एकीतला संदेश थेट दुसरीत जातो. हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात काही पेशींचा पुंजका आहे, त्या आपल्या आपण मिनिटाला शंभराच्या आसपास ठोके सुरू करतात. प्रत्यारोपण केलेल्या हृदयाच्या नसा तोडलेल्या असतात, तरी ते धडधडतं आणि ते याच वेगानं. तुझं बसल्याजागी सत्तर-पंचाहत्तर पडत असेल, कारण व्हेगस नावाची नस त्याला सतत आवरत असते. म्हणजे इथं नस कामाला लावत नाही, वेग बदलते. ऑटो लोवी यांनी १९२१ साली हे फार सुंदर दाखवलं. त्यांनी बेडकाच्या एका हृदयाची व्हेगस उत्तेजित केली. हृदय मंदावलं. त्याभोवतीचा द्रव त्यांनी दुसऱ्या, नस नसलेल्या हृदयावर घातला, तर तेही मंदावलं. नस रसायन सोडते हे त्यावरून कळलं. ते रसायन म्हणजे वर दंडाच्या उत्तरात आलेलं अ‍ॅसिटिलकोलिनच. दंडाला ते ओढायला लावतं, हृदयाला आवरतं. फरक रसायनात नसून ते स्वीकारणाऱ्या पेशीत आहे.

दमण्याचं म्हणशील, तर प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशी थोडा वेळ नवा संदेश घेतच नाहीत. सक्तीची विश्रांती. त्यामुळे पोटरीसारखा गोळा हृदयाला येत नाही. शिवाय या पेशींचा मोठा भाग ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियांनी भरलेला असतो. आतडी, गर्भाशय, रक्तवाहिन्यांच्या भिंती यांचे बिनपट्ट्यांचे स्नायू हा तिसरा प्रकार, तेही नसेवर पूर्ण अवलंबून नसतात. त्यांच्याविषयी पुढच्या वेळी लिहीन.

आज रात्री एक करून बघ. स्वस्थ बस, मनगटावर नाडी धर आणि अगदी सावकाश खोल श्वास घे, मग सावकाश सोड. श्वास आत घेताना ठोके किंचित भराभर पडतील आणि सोडताना लांबतील. व्हेगसचा लगाम सैल होतो आणि पुन्हा आवळतो तो असा. तुझ्या वयात हा फरक बोटाला स्पष्ट कळतो. घरातल्या आजोबांची नाडीही धरून बघ, तिथं तो बराच कमी लागेल. काय आढळलं ते कळव.